तोरणापाशी थांबणारी गाडी

सावरखेडचा चंद्रभान नुसत्या नजरेने बैल थांबवतो, ही गोष्ट बडनेऱ्यापासून दर्यापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती, आणि ज्यांना ठाऊक नव्हती त्यांना चंद्रभान स्वतः सांगायचा.

पोळ्याच्या दिवशी गावाच्या वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधत. सगळ्या जोड्या ओळीने उभ्या राहत आणि पहिला मान चंद्रभानच्या जोडीचा. बाकीचे लोक बैल बुजतील म्हणून कासरा मुठीत आवळून चालत. चंद्रभान कासऱ्याला हातही लावत नसे. दोन्ही हात पाठीशी बांधून तो पुढे चालायचा आणि मागून चांद्या आणि सरज्या डुलत यायचे. तोरणाखाली आले की दोघं आपोआप थांबायचे, मान वळवून त्याच्याकडे बघायचे, आणि त्याने पुरणपोळी भरवली की मगच पुढचं पाऊल टाकायचे. म्हातारे नत्थुजी पाटील दरवर्षी म्हणत, "नजर हाये बाप्पा याची, नजर!" चंद्रभानला हे वाक्य पुढचा पोळा येईपर्यंत पुरायचं.

ते दिवस कसे होते, ते आधी सांगायला हवं. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिच्या पायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्यांच्या दारात काल मातीचे रांजण होते त्यांच्या गाड्यांच्या चाकांना आज चांदीच्या धावा बसल्या. लढाई थांबल्यावर भाव उतरला, पण लोकांची चाल काही उतरली नाही. कोणी शिंगांना चांदी मढवली, कोणी बायकोच्या दंडाला. चंद्रभाननेही थोडी मढवली. पण चांदी कोणालाही विकत घेता येते. मान वळवून बघणारे बैल गावात एकाचेच होते.

आता खरं सांगायचं तर यात नजरेचा काडीइतकाही संबंध नव्हता. हे दोन्ही बैल वासरं असल्यापासून पोळ्याला तोरणाखाली गोड खात आले होते. तोरण दिसलं की थांबायचं आणि पोळी मिळाल्याशिवाय हलायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं. एकदा दर्यापूरला रुख्मिणीच्या, म्हणजे चंद्रभानच्या बायकोच्या, माहेरी लग्नाला गेले तेव्हा मांडवाच्या तोरणाखाली हीच जोडी अशी रुतून बसली की मागे वरातीच्या अकरा गाड्या खोळंबल्या. शेवटी रुख्मिणीच्या आईने आतून बुंदी आणून चारली तेव्हा गाडी हलली. ही गोष्ट सावरखेडात फक्त दोघांना माहीत होती. चंद्रभानने ती कोणाला सांगितली नाही, आणि रुख्मिणीनेही नवऱ्याचं हसं नको म्हणून सांगितली नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गोवर्धनच्या डोक्यात आगगाडी शिरली.

गोवर्धन मळेवाला. गावाबाहेर, खडीच्या खदानीला लागून त्याचा मळा. वांगी, कांदे, मेथी पिकवायची आणि अमरावतीच्या बाजारात न्यायची. माणूस गरीब, हसरा, पण डोकं सतत काहीतरी उकरत असायचं. वाऱ्याने आपोआप डफडं वाजवणारं बुजगावणं त्याने केलं होतं. त्याला पाखरं भ्यायली नाहीत, शेजारची म्हैस मात्र दोन दिवस आटली. तोवर ठीक होतं. लोक हसायचे, चंद्रभानही हसायचा.

पण बडनेऱ्याला आगगाडी पोचली, आणि गोवर्धन एक दिवस स्टेशनवर जाऊन ती बघून आला. आल्यावर म्हणाला, "गाडी चांगली हाये. पन साहेबाले सुधरली नाई."

मग रोज नवीन. डब्याच्या छपरावर माती टाकून मेथी पेरायची, म्हणजे मुंबईला पोचेतो कापणीला येते. इंजिनाच्या पुढे मोठी केरसुणी बांधायची, म्हणजे रुळावरच्या शेळ्या न दुखता बाजूला होतात. माणसांना बाकावर बसवायचंच नाही, छताला पाळणे टांगायचे. गाडीने कितीही हिसके देऊ देत, पोटातलं पाणी हलत नाही. आणि शिट्टी! शिट्टीची तर त्याला चीडच होती. कशाला ते किंचाळणं? म्हशीचं शिंग घ्यावं, मागे लोहाराचा भाता जोडावा, काय गंभीर आवाज येतो! ते त्याने करूनही दाखवलं. आवाज खरंच गंभीर आला.

संध्याकाळी चंद्रभानच्या ओट्यावर दहा-पंधरा माणसं बसायची. बैलांच्या गोष्टी चालायच्या. हळूहळू त्यातली पाच मळ्याकडे वळली, मग आठ. एके दिवशी ओट्यावर एकटे नत्थुजी उरले, तेही पायाला वात होता म्हणून.

"तुमी नाई गेले?" चंद्रभानने विचारलं.

"जाईन म्हंतो उद्या," नत्थुजी म्हणाले. "पायाले तेल लावून राह्यलो. पाळन्याची गाडी पाह्याची हाये मले."

चंद्रभानच्या पोटात तेव्हा जे दुखलं ते पुढे वर्षभर राहिलं. भाकर गोड लागेना. मळ्याकडून हसण्याचा आवाज आला की तो अंगणात उगाचच काहीतरी शोधायला लागे. वांगी विकणाऱ्या माणसापाशी गाव जमतं म्हणजे काय? आणि तेही कशासाठी, तर जी गाडी नाहीच तिच्यासाठी! तो रुख्मिणीला म्हणाला, "हवेतल्या गाड्या हाकून राह्यला लेकाचा."

"मंग तुमाले काहून राग येऊन राह्यला?" ती म्हणाली. "हवेतच हाये ना?"

पण ती हवेत राहिली नाही.

झालं असं, की मोठी लाईन टाकताना खदानीपासून बडनेरा स्टेशनपर्यंत खडी वाहायला साहेबांनी एक लहान लाईन टाकली होती. काम संपलं आणि ती तशीच पडून राहिली. तीन मोडके डबेही तिथेच गंजत होते. पाऊस लांबला की काळ्या मातीत गाड्या आसापर्यंत रुततात, कापूस स्टेशनला पोचता पोचत नाही, आणि इथे रूळ रिकामे. गोवर्धन सरळ अकोल्याला गेला, रेल्वेच्या कचेरीबाहेर दोन दिवस बसला आणि केशवराव नावाच्या कारकुनाला पटवून आला. केशवराव पुण्याकडचे, बोलायला कडक, पण त्यांना गंमत वाटली. त्यांनी साहेबाच्या कानावर घातलं. साहेब म्हणाला, माझं इंजिन मिळणार नाही, वाफ मिळणार नाही, एक लोखंडी खिळा मिळणार नाही. तरी गाडी चालली तर लाईन वापरा.

"इंजिन कोनाले पाह्यजे?" गोवर्धन म्हणाला. "बैल बसवतो गाडीत."

लोकांना वाटलं पुढे जुंपणार. तसं नव्हतं. रुळांमधल्या खडीने बैलांचे खूर फाटतात, म्हणून बैल डब्याच्या आत. डब्यात त्याने फळ्या जोडून एक लांब फिरता पट्टा केला. बैल त्यावर उभे, जू पुढच्या खांबाला पक्कं बांधलेलं. बैल चालू लागले की ते जागच्या जागी आणि पायाखालचा पट्टा मागे जातो. पट्टा फिरला की मोटेच्या नाड्याने चाक फिरतं. चाक फिरलं की डबा पुढे जातो. म्हणजे बैल चालतात आणि गाडीत बसूनही जातात. मागच्या डब्यात कापूस. छपरावर अर्थातच मेथी.

हे ऐकल्यावर तिसऱ्या दिवशी चंद्रभाननेही शोध लावला. बैलच कशाला? वारा फुकट आहे. त्याने उरलेल्या तिसऱ्या मोडक्या डब्यावर बांबू उभारला, घरातली लग्नातली मोठी सतरंजी त्याला बांधली आणि गावाला बोलावलं. वारा आला. डबा खरोखर हलला, लोकांनी तोंडात बोटं घातली, चंद्रभानने मिशीवरून हात फिरवला. मग वारा फिरला. डबा जसा गेला तसाच परत आला, जास्त जोराने, आणि चंद्रभानसकट खदानीतल्या पाण्यात जाऊन बसला. त्याला बाहेर काढायला सगळ्यात आधी पाण्यात उतरला तो गोवर्धन. चंद्रभानला त्याचाच राग जास्त आला. सतरंजी रुख्मिणीने आठ दिवस वाळत घातली, तीही बरोबर रस्त्याकडच्या भिंतीवर.

पण देव सगळ्यांचा असतो. गोवर्धनची गाडी तयार झाली, त्याने आपले बैल आत चढवले, शिंग फुंकलं, आणि गाडी निघाली. वीस पावलं झकास गेली. मग थांबली आणि वीस पावलं मागे आली. पुन्हा वीस पावलं पुढे, पुन्हा वीस मागे. गोवर्धन ओरडतोय, शेपट्या पिळतोय, बैल आपले इमानाने येरझारा घालताहेत. मोटेचे बैल ते! जन्मभर विहिरीवर मोट ओढलेली. उतारावरून वीस पावलं जायचं, मोट रिकामी झाली की मागे मागे यायचं. त्यांना दुसरी वाट माहीतच नव्हती. गाव हसून हसून खाली बसलं. चंद्रभान त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

आठवडा त्याचा सुखात गेला. ओट्यावर माणसंही परतली. आणि एका सकाळी गोवर्धन दारात उभा राहिला.

"चंद्रभानजी, पंधरा दिवसानं साहेब येऊन राह्यला अकोल्याहून. अमरावतीचे शेठ येतीन. स्टेशनापावतर गाडी गेली नाई तर लाईन उखडून टाकतो म्हंते." त्याने पागोटं हातात घेतलं. "सरळ वाटेनं चालनारी, न बुजनारी जोडी पंचक्रोशीत एकच हाये. तुमची. मले द्या."

नाही म्हणायला चंद्रभानने तोंड उघडलंच होतं. गोठ्यात चांद्या रवंथ करत होता. त्याच्याकडे बघता बघता चंद्रभानला दर्यापूरचा मांडव आठवला. अकरा गाड्या खोळंबल्या होत्या. लोक ओरडत होते. त्याने तोंड मिटलं.

"घेऊन जा," तो म्हणाला.

गोवर्धनच्या डोळ्यांत पाणी आलं. रुख्मिणी दाराआडून ऐकत होती, ती नवऱ्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत त्याने कोणाला ती जोडी शेणखत वाहायलाही दिली नव्हती.

आठ दिवसांनी केशवराव बडनेऱ्याला साहेबासाठी घालायच्या मांडवाची जागा बघायला आले, तेव्हा चंद्रभान त्यांना जाऊन भेटला. "शुभ काम हाये," तो म्हणाला. "आंब्याच्या पानायचं तोरन पाह्यजे. रुळावर, आडवं. अन् शेवटाले नोका बांधू, मांडवाच्या बरोबर समोर बांधा. साहेबाले नीट दिसलं पाह्यजे."

"उत्तम सुचवलंत," केशवराव म्हणाले. "पण मला एक सांगा, ती गाडी थांबवणार कशी? साहेब सारखं तेच विचारतो आहे. गोवर्धन म्हणतो, लाईनीच्या शेवटी कापसाच्या गाठी रचून ठेवतो, त्यांच्यावर जाऊन आदळेल. हे काय उत्तर झालं?"

"ते त्याले विचारा," चंद्रभान म्हणाला आणि निघाला. त्याच्या डोळ्यांपुढे चित्र अगदी स्वच्छ होतं. शेठ बसलेत, साहेब बसलाय, आणि सगळ्यांच्या नाकासमोर गोवर्धनची गाडी अर्ध्यात अडलेल्या म्हशीसारखी उभी. पुढे जात नाही, मागे येत नाही. हसतील, किती हसतील!

मार्गशीर्षातला तो दिवस उजाडला. बडनेऱ्याला जत्रा लोटली. मांडवात खुर्च्यांवर शेठ लोक, मधे लालबुंद साहेब, शेजारी केशवराव. नत्थुजी तेल लावलेल्या पायाने पहिल्या रांगेत. चंद्रभान मांडवाच्या खांबाला टेकून हाताची घडी घालून उभा राहिला, बरोबर तोरणासमोर. रुख्मिणीने फडक्यात पोळ्या बांधून आणल्या होत्या, कारण तिच्या मते कामावर गेलेल्या बैलांचं तोंड गोड केलंच पाहिजे. तिने वर तोरणाकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. चंद्रभानने मान दुसरीकडे फिरवली.

शिंग वाजलं. बाभळींच्या मागून गाडी आली, आणि खरं सांगतो, आली ती बघण्यासारखीच आली. छपरावर हिरवीगार मेथी, पुढे केरसुणी रूळ झाडतेय, मागच्या डब्यात पांढरा कापूस शिगोशीग, आणि मधे चांद्या आणि सरज्या, झुली घातलेले, राजासारखे जागच्या जागी चालताहेत. शेवटचा थोडा उतार होता. तिथे गाडीने वेग घेतला. पट्टा धडधडू लागला, बैलांना पळावं लागलं. गोवर्धनने पुढचा खांब घट्ट धरला. साहेब खुर्चीतून उठला. केशवराव ओरडले, "अरे थांबव! थांबव तिला!" कापसाच्या गाठी पुढे पन्नास हातांवर, पण या वेगात त्या गाठी गवताच्या पेंढीएवढ्याच कामाच्या होत्या.

आणि चांद्याने तोरण बघितलं.

त्याने चारही पाय रोवले. सरज्याने रोवले. पट्टा जाम झाला, चाकं किंचाळली, मेथीची माती समोर उडाली, आणि गाडी साहेबाच्या नाकासमोर, बरोबर तोरणाखाली, येऊन उभी राहिली.

कोणी हसलं नाही. मग साहेबाने टाळी वाजवली, आणि मग जो गजर झाला तो अमरावतीपर्यंत गेला असेल.

चंद्रभान खांबाला टेकूनच राहिला. अजून एक आशा होती त्याला. बैल आता पोळीशिवाय हलणार नव्हते. टाळ्या थांबतील, गोवर्धन हाकेल, बैल ढिम्म राहतील, मग हसतील. चांद्याने मान वळवली. गर्दीत इकडेतिकडे बघितलं, आणि त्याला चंद्रभान सापडला. तो चंद्रभानकडे बघू लागला. दहा पावलांचं अंतर होतं. चंद्रभानने हाताची घडी सोडली नाही. मनात म्हणाला, बघ किती बघायचं ते, आज नाही.

तेवढ्यात रुख्मिणी पुढे गेली. तिने फडकं सोडलं, पोळी काढली आणि गोवर्धनच्या हातात दिली. "घ्या भाऊ. भरवा त्याह्यले."

"मी?"

"तुमीच. गाडी तुमची हाये."

गोवर्धनने एकेक पोळी दोघांना भरवली. शिंग फुंकलं. बैल चालू लागले आणि गाडी हळूहळू गाठींपर्यंत जाऊन अलगद टेकली.

इथवर असतं तरी चंद्रभानने सोसलं असतं. पण गोवर्धन खाली उतरला तो सरळ त्याच्याकडे आला, सगळ्यांसमोर त्याच्या पायाला हात लावला आणि मांडवाकडे वळून म्हणाला, "साहेब, चालवाची अक्कल माही, पन थांबवाची चंद्रभानजीची! तोरन त्याह्यनंच सांगितलं. त्याह्यची नजर होती बैलावर. नाई तर आज माहे हातपाय जाग्यावर नसते."

नत्थुजी ओरडले, "नजर हाये बाप्पा, नजर!" एका शेठजींनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून चंद्रभानच्या गळ्यात घातला. साहेबाने काहीतरी म्हटलं, ते केशवरावांनी सांगितलं: लाईनीच्या दोन्ही टोकांना कायमचं तोरण राहील, आणि हीच जोडी राहील. चंद्रभान हार घालून उभा राहिला. शिव्या मिळाल्या असत्या तर त्याने उलट दिल्या असत्या. या हाराचं काय करावं त्याला कळेना. रुख्मिणी त्याच्याकडे एकदाही बघत नव्हती.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "दर्यापूर मले बी आठवते."

दुसऱ्या दिवशी गोवर्धन बोलावायला आला. "चला चंद्रभानजी, समोर बसा माह्याजवळ. गाडी दोघायची हाये."

"मी कोनाच्या गाडीवर बसत नसतो."

"मंग पोळी तरी तुमी भरवत जा. बैल तुमाले पाह्यतात."

"काम हाये मले."

असं रोज झालं, मग गोवर्धनने विचारणं थांबवलं. पहाटे लवकर निघावं लागे म्हणून बैल मळ्यातच बांधू लागले. कापसाचा हंगाम दणक्यात चालला. दिवसातून दोनदा शिंग वाजायचं आणि चंद्रभानच्या हातातलं काम थांबायचं. अंजनगावहून लोक गाडी बघायला येत, त्याच्या ओट्याशी थांबून विचारत, "ते बैलायची आगगाडी कुठी हाये?" तो बोटाने मळा दाखवायचा. रुख्मिणी रोज पोळ्या लाटून मळ्यात पाठवायची आणि तोरणाखाली गोवर्धन त्या भरवायचा. तव्यावरच्या गुळाचा वास आला की चंद्रभान घराबाहेर जायचा.

"एक डाव जाऊन त्याह्यले भेटून तरी या," ती म्हणायची. "दोन शेतं ओलांडून तर हाये. गोवर्धनभाऊ म्हंते, चांद्या शिंग वाजलं की अजूनबी तुमची वाट पाह्यते."

"पाहू दे."

माघ गेला, होळी गेली, वैशाख तापला. तो एकदाही गेला नाही. जायचं म्हणजे गोवर्धनच्या मळ्यात जायचं, त्याने अंथरलेल्या घोंगडीवर बसायचं, त्याने दिलेलं पाणी प्यायचं. त्यापेक्षा पोळा येतोच आहे, असं तो मनात म्हणायचा. पोळ्याला सगळं गाव बघेल, बैल कोणाचे आहेत ते. गाडी त्याची असेल, नाव त्याचं असेल, पण तोरणाखाली मान वळते ती माझ्याकडे. एवढ्या एका गोष्टीवर त्याने ते सगळे महिने काढले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गोवर्धनने जोडी आणून गोठ्यात बांधली. बैल तकतकीत होते. खांदे तुपाने चोळलेले, खुरांना तेल. दोष काढायला जागा नव्हती. चांद्याने त्याचा हात हुंगला आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

पोळा भरला. वेशीवर तोरण, डफडी वाजताहेत, मागे दीडशे जोड्यांची ओळ. ओळीच्या अगदी शेवटी गोवर्धन आपल्या मोटेच्या बैलांचा कासरा धरून उभा होता. चंद्रभानने नवं धोतर नेसलं होतं. दोन्ही हात पाठीशी बांधून तो निघाला. मागून घुंगरं वाजत होती. या वर्षी शेजारच्या गावांतली माणसंही बघायला आली होती, गाडीच्या बैलांना बघायला.

तोरणाखाली तो थांबला. बैल थांबले. डफडी थांबली. चंद्रभान वळला आणि त्याने पोळी पुढे केली.

चांद्याने पोळी हुंगली. मग मान वळवली, पण दुसऱ्या बाजूला. सरज्यानेही वळवली. दोघं मागे, ओळीच्या शेवटाकडे बघत राहिले.

"घे," चंद्रभान हळूच म्हणाला. "चांद्या. घे ना बापा."

चांद्याने कान हलवले. तो शिंग वाजवणाऱ्या हाताची वाट बघत होता.

लोक एकमेकांकडे बघू लागले. ओळीच्या शेवटी गोवर्धनच्या ते लक्षात आलं आणि तो चटकन आपल्या बैलांच्या आड खाली बसला. तरी पागोटं दिसत होतं. मग तो वाकून वाकून कुंपणामागे गेला, दिसू नये म्हणून. सगळ्यांनी त्याला जाताना बघितलं. बैलांनीही बघितलं, आणि सरज्या हंबरला. चंद्रभानला वाटलं, हसला असता लेकाचा तर बरं झालं असतं. छाती काढून पुढे आला असता तर त्याला शिव्या देता आल्या असत्या. हा लपतोय, माझी लाज राखायला लपतोय.

नत्थुजींना आता दिसत कमी होतं. ते मोठ्याने म्हणाले, "चंद्रभान, काहून थांबला? नजरेनं सांग ना त्याह्यले!"

चंद्रभानने नजरेने सांगून बघितलं. इतकी वर्षं गावाला सांगत आलेली गोष्ट त्याने त्या दिवशी पहिल्यांदा खरंच करून बघितली. सगळा जीव डोळ्यांत आणून तो चांद्याकडे बघत राहिला. चांद्या कुंपणाकडे बघत होता. हातातल्या पोळीवरचं तूप थिजलं होतं. मागे दीडशे जोड्या खोळंबल्या होत्या, कोणीतरी खाकरलं, एक बैल शेपटीने माश्या वारत होता.

रुख्मिणी आरतीचं ताट घेऊन शेजारी उभी होती. या खेपेला ती पुढे झाली नाही.

चंद्रभान तिच्याकडे वळला. "बोलाव त्याले," तो म्हणाला.

"तुमीच बोलवा," ती म्हणाली.

मग चंद्रभानने कुंपणाकडे तोंड करून हाक मारली, "गोवर्धन! ये बाप्पा इकडे. तुह्ये बैल थांबून राह्यले."

गोवर्धन आला. मान खाली घालून, अंगाला काटे लागलेले. चंद्रभानने पोळी त्याच्या हातात दिली. गोवर्धनने दोघांना अर्धी अर्धी भरवली, चांद्याने त्याचं मनगटही चाटलं, आणि डफडी पुन्हा वाजू लागली. नत्थुजी म्हणाले, "नजर हाये बाप्पा!" पण कोणाची, ते त्यांना दिसलं नव्हतं.

बैल पुढे निघाले. चंद्रभान वाकला, जमिनीवर लोळणारा कासरा त्याने उचलला, आणि बाकीच्या लोकांसारखा तो मुठीत धरून चालू लागला.